वेंगुर्ल्याच्या वाटेने एक दिवस

बेळगाव शहरातून पश्चिमेस निघणाऱ्या दोन रस्त्यांची नावे ध्यानात घेण्याजोगी आहेत. एक रामघाट रोड आणि दुसरा वेंगुर्ला रोड. पहिल्यावर राहणाऱ्यांपैकी रामघाट नेमका कोठे आहे हे सांगू शकणारे थोडेच. दुसऱ्यावरून रोज हिंडलग्याकडे ये-जा करणारा नोकरदार अथवा विद्यार्थी वेंगुर्ल्याचे नाव दिवसातून चार वेळा घेतो. परंतु सव्वाशे किलोमीटरांवरील एका लहानशा बंदराचे नाव बेळगावच्या रस्त्याला का मिळाले, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाही. नावे टिकली, पण नावांमागील व्यवहार विस्मृतीत गेला. किनाऱ्यावरील जुन्या गावांची एक दिवसाची सहल हल्ली बेळगाव-निपाणीकडील अनेक कुटुंबे करतात. त्या सहलीचा खरा उपयोग हा विसरलेला व्यवहार पुन्हा डोळ्यांपुढे उभा करण्यासाठी होऊ शकेल.

आगगाडी येण्यापूर्वी बेळगावचा समुद्र वेंगुर्ल्यास होता असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. घाटावरून धान्य, कापूस, गूळ, मिरची, तंबाखू खाली उतरे. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी आणि जहाजांतून आलेला परदेशी माल वर चढे. प्रथम ही वाहतूक रामघाटाने होत असे. तो घाट फार उभा. पुढे एकोणिसाव्या शतकात आंबोलीवरून पारपोलीस उतरणारा सोपा रस्ता तयार झाला आणि रामघाट मागे पडला. सावंतवाडी संस्थानाकडून १८१२ साली वेंगुर्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. बेळगावास लष्कराची छावणी वसल्यावर या बंदराचे महत्त्व अधिकच वाढले.

आजची एक दिवसाची सहल बहुधा कशी होते? पहाटे चारला गाडी दाराशी येते. चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरावयाचे, जुन्या गोव्यातील दोन चर्च पाहावयाची, पणजीत जेवावयाचे, दोन-तीन समुद्रकिनाऱ्यांवर वीस वीस मिनिटे उभे राहावयाचे, काजूची खरेदी करावयाची आणि मध्यरात्री घरी परतावयाचे. दुसऱ्या दिवशी विचारले तर मोठ्यांना जेवणाचे बिल आठवते आणि मुलांना घाटातील वळणांनी झालेली मळमळ. गाडीबरोबर वाटाड्या घेतला असला तरी तो बिचारा घड्याळाकडे पाहून माणसे गाडीत कोंबण्याच्या कामातच गुंतलेला असतो.

वस्तुतः जाणत्या वाटाड्याचे पहिले काम दाखविण्याचे नसून वगळण्याचे आहे. एका दिवसात दहा स्थळे दाखवितो असे सांगणाऱ्यापेक्षा तीनच दाखवितो म्हणणारा अधिक भरवशाचा समजावा. त्याच्याशी सारे बोलणे निघण्यापूर्वीच व्हावे. गाडीभाडे, त्याचा मेहनताना, जेवण आणि प्रवेशशुल्क यांतील काय कोणाकडे, हे स्पष्ट असावे. तो पर्यटन खात्याचा मान्यताप्राप्त मार्गदर्शक असल्यास ओळखपत्र दाखविण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. नसल्यास तो त्याच गावचा रहिवासी आहे की नाही हे तरी विचारून घ्यावे. दुकानदाराकडून मिळणाऱ्या दस्तुरीवर ज्याची मिळकत अवलंबून आहे, तो इतिहासापेक्षा दुकानातच अधिक वेळ घालविणार. म्हणून त्याला त्याच्या ज्ञानाचे योग्य मोल द्यावे आणि खरेदी आपल्या मर्जीने करावी, हा व्यवहार दोघांनाही सोयीचा.

वेंगुर्ल्याची वाट धरली म्हणजे पहिला मुक्काम आंबोलीचा. बेळगावकर चंदगड तालुक्यातून येतात, निपाणीकर गडहिंग्लज-आजरा मार्गाने. आंबोलीस बहुतेक प्रवासी धबधब्यासाठी थांबतात. थांबण्यास कोणाचीच हरकत नसावी. परंतु येथे आणखी दोन गोष्टी समजून घ्यावयाच्या आहेत. पहिली, हिरण्यकेशीचा उगम. समुद्र इतका जवळ असताना ही नदी त्याच्याकडे पाठ फिरविते आणि आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर या गावांवरून वाहत जाऊन घटप्रभेस मिळते. निपाणीकर ज्या रस्त्याने आंबोलीस चढतात, त्याच्या बऱ्याच भागात त्यांना या नदीची सोबत असते. देश आणि कोकण यांची सीमारेषा या डोंगरावर पावसाच्या थेंबानेच आखलेली आहे.

दुसरी गोष्ट नभोवाणीची. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानात एक गुप्त प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी ते चालविले. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून त्यावरून स्वातंत्र्याचा संदेश गोव्यात पोहोचे. पुढे हे केंद्र कॅसलरॉकच्या बाजूस हलविण्यात आले आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत त्याचा आवाज बंद पडला नाही. रानातील ओल, जळवा आणि एकांत यांत त्या दोघांनी वर्षामागून वर्षे काढली. धुक्याने भरलेल्या त्या दरीकडे पाहताना हे ऐकले, तर तीच दरी वेगळी दिसू लागते. वाटाड्याचे चीज अशाच ठिकाणी होते.

घाट उतरल्यावर सावंतवाडी येते. मोती तलावाच्या काठी राजवाडा आहे आणि जवळच चितार आळीत लाकडी खेळणी व फळे बनविणाऱ्यांची दुकाने आहेत. राजवाड्यात गंजिफा रंगविण्याचे काम पाहावयास मिळते. दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात. दहा अवतारांची प्रत्येकी बारा. छापील पत्त्यांनी हा खेळ मागे हटविला आणि रंगविणारे हात एकेक करून थांबू लागले. त्या वेळी शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या कारागिरांकडून ही विद्या नव्या पिढीस शिकविण्याची व्यवस्था केली. पाहुण्याने येथे घाई करू नये. गोल पानावर लाखेचे रोगण चढविणारा कारागीर एका पानासाठी किती वेळा कुंचला उचलतो, एवढे जरी शांतपणे पाहिले तरी त्या पानाची किंमत जास्त वाटेनाशी होते.

सावंतवाडीहून वेंगुर्ले तासाभरात येते. येथील मुख्य वास्तू म्हणजे डच वखार. जांभ्या दगडाची ही दुमजली इमारत फार काळ पडझडीच्या अवस्थेत राहिली. आत रान माजलेले आणि भिंतींतून मुळे उतरलेली पाहून पुष्कळ प्रवासी गाडीतूनच परत फिरले असतील. तथापि या भिंतींचे महत्त्व थोडे नव्हे. सतराव्या शतकात डचांनी येथे ठाणे घातले ते आदिलशाही मुलखात, आणि त्यामागील मुख्य कारण गोवा हेच होते. डचांचे आरमार गोव्याच्या मुखाशी नाकेबंदी करून बसे. त्या गलबतांना गोडे पाणी, तांदूळ आणि इतर शिधा पुरविण्यास जवळचे बंदर हवे होते. ते वेंगुर्ल्याने पुरविले. तव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या प्रवासवृत्तात या बंदराची दखल घेतली आहे. युरोपातील दोन सत्तांच्या झगड्यात एका लहान कोकणी गावाच्या विहिरीचे पाणी आणि शेतातील भात उपयोगी पडत होते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

अशा पडक्या जागी दंतकथांना ऊत येतो. प्रत्येक जुन्या भिंतीखाली भुयार असते, प्रत्येक भुयार किल्ल्यापर्यंत जाते आणि प्रत्येक विहिरीत खजिना असतो. मुलांना हे ऐकावयास आवडते आणि वाटाड्याला सांगावयास सोपे जाते. दंतकथा सांगू नये असे नाही. लोक असे म्हणतात, एवढे दोन शब्द आधी जोडले म्हणजे झाले. चांगला वाटाडा कोठे दगड बोलतो आणि कोठे गाव बोलते, हा भेद ठेवतो. तो ठेवीत नसेल तर प्रवाशाने नम्रपणे विचारावे की हे कोठे लिहिलेले आहे. प्रश्न विचारणारे पाहुणे वाढले की वाटाडेही वाचू लागतात.

वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उभे राहिल्यावर एक प्रश्न येतोच. एवढे गजबजलेले बंदर निजले कसे? ते कोणी जिंकून लुटले नाही, जाळलेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बेळगावास आगगाडी आली आणि लोंढा-कॅसलरॉकमार्गे मार्मागोव्याचे बंदर लोहमार्गाने जोडले गेले. बैलगाडीने घाट उतरावयाचा, मग पावसाळ्यात बंद राहणाऱ्या बंदरात जहाजाची वाट पाहावयाची, हा उपद्व्याप व्यापाऱ्याने कशासाठी करावा? माल वळला, पाठोपाठ माणसे वळली. मुंबई-गोवा बोट पुढेही कित्येक वर्षे वेंगुर्ल्यास लागत असे. परंतु घाटावरची पेठ आणि हे बंदर यांची गाठ सुटली ती सुटलीच.

जुन्या गोव्याची कथाही याच जातीची आहे. १५१० मध्ये आल्फोन्सो द आल्बुकर्कने जिंकलेले ते नगर पूर्वेकडील एक वैभवशाली शहर म्हणून गाजले. १५५६ मध्ये तेथे छापखाना आला. गोव्यातच फादर स्टीफन्स यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचिले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. पुढे रोगराईने नगर ओस पडत गेले, पाठीशी असलेला व्यापारही ओसरला, आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीस मिळाला. चर्च राहिली, त्यांच्या सभोवतीचे शहर नाहीसे झाले. जुन्या गोव्यास जाणाऱ्याने उंच छताकडे पाहावेच. पण दोन चर्चमधील मोकळी हिरवळ पाहून तेथे कोणाची घरे असतील हेही वाटाड्यास विचारावे. गोव्याची वाट आणि वेंगुर्ल्याची वाट मात्र एकाच दिवसात कोंबू नयेत. दोन्हींना स्वतंत्र दिवस द्यावा.

वेंगुर्ले निजले असले तरी निष्प्राण झालेले नाही. १९५७ साली येथे फळ संशोधन केंद्र सुरू झाले. येथे निपजलेल्या काजूच्या जातींना वेंगुर्ले हेच नाव देऊन पुढे क्रमांक लावलेले आहेत, आणि निलम व हापूस यांच्या संकरातून झालेला रत्ना आंबाही येथलाच. ज्या काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले, त्याच्या सुधारलेल्या कलमांनी कोकणातील, तसेच घाटमाथ्यावरील उतार हिरवे केले. मिठाच्या गोण्या वाहणारी वाट आता कलमे वाहू लागली. दुपारी एखाद्या घरगुती खाणावळीत मासळीचे जेवण आणि सोलकढी घेऊन, निघताना मालवणी खाज्याचा पुडा पिशवीत टाकला की प्रवाशाकडूनही या जुन्या व्यवहारास थोडासा हातभार लागतो.

आणि येथेच या सहलीचा खरा प्रश्न आहे. रस्ता वळला म्हणून बंदर ओस पडले, हे एकदा घडून गेले. आज प्रवाशांच्या गाड्याही तशाच वळत आहेत. प्रसिद्ध किनाऱ्यांवर उभे राहण्यास जागा नाही आणि वखारीच्या दाराशी विचारणारे माणूस नाही. ज्या वास्तूपाशी कोणी थांबत नाही, तिची डागडुजी करावी असे कोणास तातडीने वाटत नाही. ज्या गावाविषयी कोणी विचारीत नाही, त्या गावातील तरुण गावाचा इतिहास शिकून पोट भरण्याचा विचार करीत नाही. तो गोव्यातील हॉटेलात नोकरी धरतो. एका कुटुंबाने एका वाटाड्यास एका दिवसाचा मेहनताना दिल्याने वखार उभी राहणार नाही हे खरे. परंतु आठवड्यातून पाच कुटुंबे येऊ लागली, तर गावातील दोन तरुण जुनी कागदपत्रे चाळू लागतील, वखारीतील झुडपे काढण्यासाठी नगरपरिषदेकडे अर्ज जाईल, आणि तो अर्ज करणाऱ्यास आपण काय मागतो आहोत हे नीट सांगता येईल.

संध्याकाळी गाडी पुन्हा आंबोली चढते. रात्री हिंडलग्याजवळ रस्त्याच्या नावाची पाटी दिव्याच्या उजेडात येते. सकाळी ती पाटी म्हणजे नुसते नाव होते. दिवसभर नीट पाहिले आणि ऐकले असेल, तर गाडीतील लहान मुलासही आता सांगता यावे, की हा रस्ता वेंगुर्ल्यास जातो, कारण एके काळी बेळगावचे मीठ त्या वाटेने येत असे.