कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे

शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी आणि पलीकडचं पारनेर तालुक्यातलं निघोज यांच्यामधून कुकडी नदी वाहते. तिच्या पात्रातल्या काळ्या खडकात रांजणासारखे गोल, खोल खळगे आहेत. हा खडक बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला. इतका कठीण खडक कोरला कोणी? पुराचं पाणी खडकातल्या खाचेत शिरलं की भोवरा धरतं. त्यात सापडलेले दगडगोटे आणि वाळू गरगर फिरत खडक घासतात. पाणी गती देतं, कोरीव काम गोटे करतात. हजारो वर्षांत खाचेचा रांजण होतो, शेजारचे रांजण जुळून अरुंद घळ तयार होते. उन्हाळ्यात मोठ्यांसोबत जाऊन हे खळगे जरूर पाहा. काठ मात्र निसरडे असतात, सांभाळून!