उद्यान एकाचे, जमीन दुसऱ्याची

जत्रेतला आकाशपाळणा गावाच्या जागेवर उभा राहतो. पाळणेवाला ठरलेले भाडे भरतो, चार दिवस धंदा करतो आणि सामान उचलून पुढच्या गावी जातो. पाळणा त्याचा, जागा गावाची. हा व्यवहार इतका अंगवळणी पडलेला आहे की, त्यात विचार करण्यासारखे काही असेल असे कोणास वाटत नाही. परंतु पाळणे कायमचे रोवले गेले, भोवती कुंपण व तिकीटघर आले, शेकडो माणसांचा रोजगार त्यावर अवलंबून राहिला, म्हणजे जागा कोणाची हा प्रश्न निराळेच रूप घेतो. अमेरिकेतील प्रादेशिक करमणूक-उद्यानांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

तेथील पुष्कळशी जुनी उद्याने ट्राम कंपन्यांनी काढली. सुटीच्या दिवशी गाड्या रिकाम्या धावत. तेव्हा मार्गाच्या टोकाला झाडी, नाचघर व पाळणे उभारून उतारू मिळविण्याची ही युक्ती होती. पिट्सबर्गजवळचे केनीवुड १८९८ साली असेच निघाले. १९०६ पासून दोन कुटुंबांनी ते जवळजवळ शंभर वर्षे चालविले. २००७ मध्ये ते एका स्पॅनिश कंपनीला विकण्याचे ठरले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा एका अमेरिकन कंपनीकडे आले. मालक बदलले, पण प्रत्येक मालक करमणुकीच्या व्यवसायातलाच असल्याने १९२० ची लाकडी रोलर कोस्टरही टिकून राहिली.

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा शहराची हकीगत अशी सरळ नाही. एकेकाळी जर्दाळू व आलुबुखाराच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या खोऱ्यात १९७६ च्या मार्चमध्ये मॅरियट या हॉटेल कंपनीने 'ग्रेट अमेरिका' हे उद्यान उघडले. त्याच सुमारास बागा जाऊन इलेक्ट्रॉनिक उद्योग येत होते आणि जमिनीचे भाव चढत होते. थोड्याच वर्षांत कंपनीला पाळण्यांपेक्षा पाळण्यांखालची जमीन अधिक मोलाची वाटू लागली. उद्यान मोडून तेथे इमारती उठणार, अशी चिन्हे दिसताच शहराने हस्तक्षेप केला व १९८५ मध्ये ते विकत घेतले.

नगरपालिकेने पाळणे चालवावेत काय, हा आक्षेप कोणीही घेईल, आणि तो रास्तच आहे. पण शहराने ते काम स्वतःच्या अंगावर घेतले नाही. व्यवस्थापन त्या धंद्यातील कंपनीकडे सोपविले. पुढे उद्यानही त्याच कंपनीला विकले. जमीन मात्र विकली नाही. खरे शहाणपण येथे होते. १९९२ मध्ये उद्यान पॅरामाउंट या चित्रपट कंपनीकडे गेले, २००६ मध्ये सीडर फेअरने ते इतर चार उद्यानांसह घेतले. पण भाडेपट्ट्याच्या कागदावर दुसरा पक्ष शहरच राहिला. शेजारच्या वाहनतळावर फुटबॉलचे मोठे क्रीडागार उभारण्यावरून दोघांत बराच वाद झाला. ते २०१४ मध्ये सुरू झाले आणि उद्यानही चालू राहिले.

कॅलिफोर्निया राज्याने २०१२ मध्ये नगर-पुनर्विकास मंडळे बरखास्त केली. त्यांची मालमत्ता विकून देणी भागवावीत व उरलेला पैसा शाळा, परगणा आदी संस्थांत वाटावा, असे ठरले. उद्यानाची जमीन त्याच ओघात सापडली. २०१९ मध्ये ती सीडर फेअरलाच १५ कोटी डॉलरना विकण्यात आली. विकत घेणारा पाळणेवालाच, म्हणून चिंता करण्याचे कारण कोणास दिसले नसेल, तर ते स्वाभाविकच होते.

तीनच वर्षांनी, २०२२ च्या जूनमध्ये, कर्जाचा भार हलका करण्यासाठी कंपनीने ती ११२ एकर जमीन गुदामे बांधून भाड्याने देणाऱ्या प्रोलॉजिस या कंपनीला ३१ कोटी डॉलरना विकली. उद्यान आणखी सहा वर्षे चालवावे, इच्छा असल्यास मुदत पाच वर्षे वाढवावी, असा करार झाला. म्हणजे फार तर २०३३ पर्यंत. सीडर फेअर १ जुलै २०२४ रोजी सिक्स फ्लॅग्जमध्ये विलीन झाली. ज्या जमिनीसाठी १९८५ मध्ये शहराने एवढी खटपट केली, तिच्याबाबत आता त्याच्या हाती मालकाचा शब्द नाही. जमिनीचा वापर बदलायचा झाल्यास लागणारी परवानगी देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार तेवढा उरला आहे.