दाण्यांची एक रास



बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट आपण ऐकली असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत जायचे. आपण आज एकतिसाव्या घरापाशी थांबू. तिथवरच्या दाण्यांची रास केली, तर ती २,१४,७४,८३,६४७ दाण्यांची होते. एकही दाणा न उरता तिच्या समान वाटण्या होतील का?

तीन घरांची रास सात दाण्यांची, पाच घरांची एकतीस. यांच्या वाटण्या होत नाहीत. एकेक दाणा वेगळा मांडणे ही काही वाटणी नव्हे! अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. अकरा घरांची रास मात्र फसविते. तिच्यात दाणे २०४७, आणि ते तेवीस जणांना एकोणनव्वदप्रमाणे बरोबर वाटले जातात.

किती घरांच्या राशी मूळ आहेत, याची यादी १६४४ साली मर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती साधूने छापली. तीत एकतीसही होते, सदुसष्टही होते. सिद्धता मात्र दिलेली नव्हती.

एकतिसाचा निकाल ऑयलर यांनी १७७२ साली लावला. त्या वेळी ते रशियात सेंट पीटर्सबर्गला होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. मग एवढे भागाकार केले कसे? आधी हे पाहा : राशीला भाजक असेलच, तर एक तरी ४६,३४१ हून लहान हवा, कारण त्या संख्येचा वर्गच राशीहून मोठा आहे. दुसरी चाळणी याहून बारीक. घरांची संख्या विषम मूळ असली, म्हणजे तिच्या दुपटीने राशीच्या कोणत्याही भाजकाला भागले असता बाकी एकच उरते. अकराची दुप्पट बावीस. तेवीस आणि एकोणनव्वद यांना बाविसाने भागून पाहा. एकतिसाची दुप्पट बासष्ट. म्हणून ३, ७, ११, १३ यांना हात लावायलाच नको; तपासायची पहिली मूळ संख्या ३११! चाळणीतून उरलेल्या एकाही संख्येने भाग गेला नाही. रास मूळ ठरली.

आणि सदुसष्ट? १८७६ मध्ये फ्रान्सच्या लूका यांनी ती रास मूळ नसल्याचे दाखविले. १९०३ मध्ये अमेरिकेच्या कोल यांनी भाजकच पुढे ठेवले. त्यांतला लहान १९,३७,०७,७२१. यादीचा हा आकडा सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतर चुकीचा निघाला.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, एकाच यादीतल्या दोन आकड्यांपैकी एक टिकला, एक पडला. दोन्हींमागे नाव तेच होते. निवाडा केला तो भागाकाराने. मुलगा "कशावरून?" म्हणून विचारील, तेव्हा "पुस्तकात आहे" एवढ्यावर त्याला बसवू नका. उद्या फळ्यावर तेरा घरांची रास मांडा. दाणे ८१९१. सव्विसाची चाळणी लावली, की ५३ आणि ७९ या दोनच मूळ संख्यांनी भागून पाहायचे राहते. ती रास मूळ आहे की नाही, हे मी सांगत नाही. मुलांना ठरवू द्या.