पदवीच्या वाटेवरील विषयनिवड

(पिंगुळी, तालुका कुडाळ, येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीच्या निकालाचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्याची मान ताठ होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे मिळून झालेले कोकण विभागीय मंडळ निकालाच्या टक्केवारीत राज्यात वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले आहे. २०२४ साली हा निकाल ९७.५१ टक्के होता, २०२५ साली ९६.७४ टक्के. दोन्ही वर्षी कोकण पहिले. या यशाचे मानकरी येथे बसलेले शिक्षक आहेत, हे मी आरंभीच नमूद करतो.

मला बोलावयाचे आहे ते निकालानंतरच्या काही दिवसांविषयी. विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करण्यासाठी सेवा केंद्रात जातो. संगणकासमोरचा गृहस्थ आपल्या कामात तरबेज असतो, पण त्याच्यामागे रांग लागलेली असते. "विषय कोणता टाकू?" असे तो विचारतो. मुलगा मित्राकडे पाहतो, मित्राने जो घेतला तोच सांगतो, आणि पावती खिशात घालून घरी येतो. बारा वर्षे शिक्षकांनी आणि आईवडिलांनी ज्याच्यासाठी खपून कष्ट घेतले, त्याच्या पुढील तीन-चार वर्षांचा निर्णय असा दोन मिनिटांत होऊन जातो. घरात पदवीपर्यंत पोहोचलेले कोणी नसेल तर तो निर्णय तपासून पाहणाराही कोणी नसतो.

पूर्वी हा प्रश्न एवढा बिकट नव्हता, कारण निवडीलाच फारसा वाव नव्हता. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. त्याचे पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडले, ते चौघे. त्यांतील एक रामकृष्ण गोपाळ भांडारकर. त्यांचा जन्म आपल्या मालवणचा, १८३७ चा. शिक्षणासाठी त्यांना आधी रत्नागिरी आणि मग मुंबई गाठावी लागली. त्या काळी अभ्यासक्रम बव्हंशी ठरलेला असे. कसोटी होती ती तेथवर पोहोचण्याची. आज कुडाळ, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले, कणकवली येथे महाविद्यालये आहेत. कुडाळच्या महाविद्यालयाला तर आपल्याच पिंगुळीच्या संत राऊळ महाराजांचे नाव आहे. पोहोचण्याची अडचण पुष्कळ अंशी दूर झाली, आणि तिच्या जागी निवडण्याची अडचण आली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवीची नवी रचना ठरवून दिली. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. नंतर तिच्यात काही फेरफारही झाले आहेत. म्हणून गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याने सांगितलेले यंदाही तसेच असेल असे समजू नये. त्या त्या वर्षीचे माहितीपत्रकच हाती घ्यावे.

या रचनेचा पाया आहे श्रेयांक. पंधरा तासांचे वर्गातील अध्यापन किंवा तीस तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. एका सत्रात साधारणतः बावीस श्रेयांक मिळवावयाचे. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६. हे श्रेयांक अनेक कप्प्यांत विभागलेले असतात : मुख्य विषय म्हणजे मेजर, दुय्यम विषय म्हणजे मायनर, खुले ऐच्छिक विषय, व्यावसायिक व कौशल्यविषयक अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव. ही नावे ऐकून पालक गांगरून जातात, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. शासकीय परिभाषा सामान्य माणसाला दचकवते, हे आमच्यासारख्यांनी कबूल केले पाहिजे.

यांत सर्वांत वजनदार निर्णय मुख्य विषयाचा. राज्यसेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यावरून विषय कोणताही असला तरी बिघडत नाही, असा समज पसरला आहे. तो घातक आहे. वनसेवेसाठी विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी अशा ठरवून दिलेल्या विषयांची पदवी लागते. ज्या मुलीला माध्यमिक शाळेत शिकवायचे आहे, तिचा बी. एड.चा अध्यापन विषय पदवीच्या विषयांशी जुळावा लागतो. इंग्रजी शिकवण्याची हौस असणाऱ्या मुलीने केवळ मैत्रिणीच्या सोबतीने दुसराच मुख्य विषय घेतला, तर त्या सोबतीची किंमत तिला तीन वर्षांनी कळते. तेव्हा मैत्रीण सासरी गेलेली असते.

खुल्या ऐच्छिक विषयांची कथा निराळी. हे विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचेच घ्यावयाचे असतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने थोडे साहित्य वाचावे, कलाशाखेच्या विद्यार्थ्याने थोडा हिशेब शिकावा, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात "गुण कशात सुटतात?" एवढीच चौकशी होते. ही वृत्ती पुरी जाणार नाही, हेही मी जाणतो. तथापि आपल्या जिल्ह्यात या कप्प्यांचा उपयोग करून घेण्यासारखे इतके काही हाताशी आहे की ते वाया जाताना पाहवत नाही. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूच्या जाती विकसित केल्या आणि त्या बागायतदारांच्या बागांत पोहोचल्या. काजूवरील प्रक्रिया, कोकमाचा व्यवसाय, निवास-न्याहरीची घरे, मत्स्यव्यवसायातील हिशेब, यांपैकी कशावरही क्षेत्रीय प्रकल्प होऊ शकतो. प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला तर चार श्रेयांक आहेत.

आणि पिंगुळीत उभे राहून चित्रकथीचे नाव न घेणे शक्य नाही. गुढीपूरच्या ठाकर कलावंतांनी ही कला आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जतन केला. सावंतवाडी संस्थानाने या कलावंतांना आश्रय दिला होता. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. दूरदूरचे अभ्यासक या वाडीत येतात, चित्रे पाहतात, टिपणे घेऊन जातात. त्याच वाडीतील मुलाने महाविद्यालयात गेल्यावर क्षेत्रीय प्रकल्पासाठी संगणकावरून उतरवलेला कुठला तरी विषय द्यावा, ही गोष्ट मला बरी वाटत नाही. घरातील पोथ्यांतील चित्रांची सूची करणे, वडीलधाऱ्यांच्या तोंडची कथने लिहून काढणे, हा विद्यापीठीय अभ्यासच आहे. मात्र तो प्रकल्प म्हणून मान्य व्हावा यासाठी प्राध्यापकांशी वेळेवर बोलावे लागते. त्या वेळेची सूचना विद्यार्थ्याला कोणीतरी द्यावी लागते.

आता एका गैरसमजाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यात मुलांचे थेट नुकसान आहे. नव्या रचनेत एक वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, हे सर्वत्र ऐकू येते. त्यावरून पुष्कळांना वाटते की वर्ष संपवून कॉलेज सोडले की प्रमाणपत्र आपोआप हाती येते. तसे नाही. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक पूर्ण झाले पाहिजेत आणि त्याखेरीज चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता पूर्ण केली पाहिजे. एखादा विषय राहिला असेल, तर प्रमाणपत्रही नाही आणि पदवीही नाही. गोव्यात नोकरी लागली म्हणून जूनमध्ये निघून जाणाऱ्या मुलाला हे मे महिन्यात माहीत असेल, तर तो जाण्यापूर्वी चार श्रेयांक पुरे करील.

मिळवलेले श्रेयांक २०२१ साली सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतात आणि कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात. परत येऊन शिक्षण पुरे करण्याची सोय त्यामुळे झाली. पण त्या बँकेचे खाते आधार कार्डाशी जोडलेले असते. आधारवर एक आडनाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे, असे आपल्याकडे घरोघरी आढळते. कोठे वडिलांच्या नावातील एक अक्षर गळलेले असते, कोठे गावाचे नाव आडनाव होऊन बसलेले असते. ही दुरुस्ती प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. ती आधीच्या हिवाळ्यात करावी लागते. बारावीच्या वर्गशिक्षकाने दिवाळीनंतर दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, तर पुढचा मनस्ताप टळेल.

विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आले की सल्लागार लागतो, हा अनुभव जुना आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ नंतर ऐच्छिक विषयांची पद्धत विस्तारली. १८७६ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने प्रत्येक विद्यार्थ्याला प्राध्यापक-सल्लागार देण्याची प्रथा लवकरच घालून दिली. आपल्याकडे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शैक्षणिक मार्गदर्शनावर भर दिला होता. निवडीचा पसारा आपण आता वाढवला. मार्गदर्शनाची व्यवस्था त्या मानाने मागे राहिली, असे माझे मत आहे. महाविद्यालयांतून मार्गदर्शक प्राध्यापक नेमले जातात. परंतु प्रवेशाच्या दिवसांत तेच प्राध्यापक गुणवत्ता याद्या लावत असतात, शुल्काच्या पावत्या तपासत असतात. विद्यार्थ्याशी वीस मिनिटे शांतपणे बोलायला त्यांना सवड कोठून मिळणार?

चित्रकथी सांगणाऱ्यासमोर आपण बसतो तेव्हा एका वेळी एकच चित्र आपल्याला दिसते. पुढचे चित्र कोणते आणि गोष्ट कोठे जाणार, हे सांगणाऱ्याला ठाऊक असते. अठरा वर्षांच्या मुलापुढे पहिल्या सत्राचा अर्ज असतो. सहा सत्रे डोळ्यांपुढे ठेवून बोलणारा माणूस त्याच्या शेजारी हवा.

एक मर्यादाही स्पष्ट करतो. शासन निर्णयात विषयांची यादी लांबलचक असली, तरी ग्रामीण महाविद्यालयात तितके प्राध्यापक नसतात. कागदावर दहा ऐच्छिक विषय आणि वर्गात दोन, अशी स्थिती येऊ शकते. अशा वेळी 'स्वयम्' या केंद्र शासनाच्या मंचावरील अभ्यासक्रम उपयोगी पडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्या मार्गाने घेण्यास मुभा देता येते. पण महाविद्यालयाची मान्यता आधी घ्यावी लागते. परस्पर अभ्यासक्रम पुरा केला आणि नंतर तो जमेस धरला गेला नाही, असे होऊ देऊ नये.

ग्रामपंचायतीने काय करावे, हा प्रश्न मघाशी एका सदस्यांनी विचारला. फार खर्चाचे काही नाही. गावातून कोणकोणती मुले यंदा बारावीला बसली, त्यांची यादी शाळांकडून घ्यावी. निकालाच्या आठवड्यात पंचायतीची खोली दोन सायंकाळी उघडी ठेवावी. गावातील जी मुले आज पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत त्यांना तेथे बसवावे, जवळच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापकाला निमंत्रण द्यावे, आणि माहितीपत्रकाच्या चार प्रती ठेवाव्यात. पालकांना, विशेषतः मातांना, आवर्जून बोलवावे. मुलाने अर्ज आधी कोऱ्या कागदावर भरावा : मुख्य विषय कोणता, तो का, पुढे काय करायचे आहे, राखीव दुसरा पर्याय कोणता. तो कागद घेऊनच सेवा केंद्रात जावे, म्हणजे "कोणता टाकू?" या प्रश्नाला उत्तर तयार असेल. प्रवेशानंतर विषय बदलण्याची मुदत थोडी असते आणि ती महाविद्यालयाच्या फलकावर लागते; ती तारीख पंचायतीच्या फलकावरही लिहावी.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा, ही सूचना ठाकर समाजातील पालकांना मी स्वतंत्रपणे करतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर प्रवेशानंतर भरावयाचा असतो. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो आणि दाखल्यासाठी तहसील कार्यालयात जूनमध्ये गर्दी असते. तो एप्रिलमध्ये काढून ठेवावा.

यंदा बारावीला असलेल्या मुलांचे जे पालक गुणपत्रिका आणि आधार कार्डाच्या प्रती घेऊन आले आहेत, त्यांनी सभा संपल्यावर उजवीकडच्या टेबलापाशी थांबावे. नावे जुळतात की नाही, ते आपण आत्ताच पाहून घेऊ.