पुढच्या चालीचा विवेक

दिवाळीच्या रात्री पत्ते खेळण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ घरी आहे. तीन पत्तीत पहिली चाल जोराने केलेल्या गड्याला पुढे एक प्रश्न पडतोच. हातात फारसे काही नाही, पण आव तर आणलेला आहे. तो तसाच चालवावा, की पत्ते टाकून द्यावेत?

आमच्या नंदिगड्डे गावाचा जोयडा तालुका गोव्याला लागून आहे. तिकडे पणजीला, मांडवीतल्या जुगारनौकांवर पोकर खेळतात. त्या खेळात या प्रश्नाचे रीतसर गणित मांडलेले आहे. प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात, पहिली बोली होते आणि मग सर्वांसाठी तीन पाने उघडी मांडली जातात. दोन निरनिराळी पाने हाती असता त्या तिघांतून निदान एक जोडी जुळण्याचा संभव शंभरात सुमारे ३२. म्हणजे तीन वेळांपैकी दोनदा आपल्याला काहीच लाभत नाही. परंतु समोरच्याचीही तीच गत असते! म्हणूनच पहिली बोली वाढवणाऱ्याने पुन्हा चाल केली, तर तो पुष्कळदा माघार घेतो.

समजा, मध्ये १०० रुपये आहेत. आपण ५० लावले, तर तीनांतून एकदा समोरच्याने पाने टाकली तरी बरोबरी होते; दोनदा पन्नास गेले, एकदा शंभर आले. १०० लावले, तर मात्र दोहोंतून एकदा यश हवे.

आता परिस्थिती पाहा. समोर एकच गडी असून राजा, सत्ती, दुरी अशी तीन रंगांची विस्कळीत पाने पडली, तर चाल शोभते. अठ्ठी, नव्वी, दश्शी अशी ओळीची पाने आली, तर ती कुणाला तरी उपयोगी पडलेली असण्याचा संभव फार, तेथे थांबावे. तीन गडी असतील आणि प्रत्येकाची माघारीची शक्यता निम्मी धरली, तर तिघेही हटण्याचा योग आठांत एकच. आणि जो कधीच पाने टाकत नाही, त्याच्यापुढे आव आणणे व्यर्थ होय.

तात्पर्य, पहिली चाल दुसरीला बांधील नाही. मध्ये पडलेला पैसा आता आपला राहिलेला नाही; तो वाचविण्यासाठी नवा पैसा घालणे हा विवेक नव्हे. द्यूतसभेत युधिष्ठिराने संपत्ती गमावली, मग भाऊ, मग स्वतः आणि अखेर द्रौपदीही पणाला लावली. पुढची चाल नव्याने तोलावी, हे त्या धर्मज्ञालाही सुचले नाही.

हा मोह आता घरातल्या फोनपर्यंत आला होता. म्हणूनच संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही त्याने मानला नाही. मुलांना हे गणित शिकवायचेच असेल, तर चिंचोके लावून शिकवावे. चिंचोके हरले तर चूल विझत नाही, आणि थांबण्याची सवय मात्र हाताला लागते.