जुन्या जीपचा फोर-व्हील गियर

जुनी महिंद्रा जीप अजून कित्येक गावांत राबते आहे. तिच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये एकेक डिफरन्शियल असतो. वळताना बाहेरचे चाक जास्त धावते, आतले कमी. तो फरक हा सांभाळतो. पण दोन ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. फोर-व्हील टाकून डांबरी रस्त्यावर वळलात की पुढची-मागची चाके एकमेकांना ओढतात. सारा पीळ गियरच्या दात्यांवर आणि शाफ्टच्या क्रॉसवर येतो. लिव्हर अडकते ती यामुळेच. जोर करू नका. गाडी सरळ थोडी मागे घ्या, पीळ सुटेल. चिखलात, वाळूत चाक थोडे घसरते, म्हणून तिथे खुशाल टाका.

पुढे नवे टायर, मागे गुळगुळीत, असेही नको. त्यानेही पीळ येतो.

ओढा ओलांडलात तर डिफरन्शियलचे ऑइल बघाच. दुधाळ दिसले म्हणजे पाणी शिरले. सगळे काढून ९० नंबरचे गियर ऑइल भरा. क्राउन-पिनियन गेले तर जोडीच बदलावी लागते, आणि तीही ऐन हंगामात! गाडी सपाट जागी उभी करून ऑइल बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरावे.