सांसर्गिक रोगांचा डॉक्टर कोठे गाठावा ?



संकेश्वर हे हिरण्यकेशीच्या काठी, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले बाजारपेठेचे गाव. येथून गडहिंग्लज जवळ, निपाणी थोडी पुढे, बेळगाव सुमारे ५० किलोमीटर आणि कोल्हापूर त्याहून काहीसे अधिक. घरातील माणसाचा ताप पाचव्या-सहाव्या दिवशीही उतरला नाही म्हणजे या भागात पहिला प्रश्न निघतो तो 'कोणत्या गावी न्यावे ?' हा. 'कोणत्या डॉक्टरकडे ?' हा प्रश्न त्यानंतरचा. आणि 'रोग कोणत्या प्रकारचा असावा?' हे तर बहुधा कोणी विचारीतच नाही. कोणी बेळगावचे नाव घेतो, कोणी कोल्हापूरचे. वडीलधारी मंडळी मिरजेकडे बोट दाखवितात. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून या मुलखातील रोग्यांची वाट त्या गावाकडे वळली ती वळलीच. परंतु गाव नावाजलेले आहे एवढ्यावरून सांसर्गिक रोगाचे निदान वेळेवर होईलच, असे समजता येत नाही. या रोगांत अंतरापेक्षा दिवस महत्त्वाचे असतात.

सांसर्गिक रोगांचा तज्ज्ञ ही आपल्या देशातील वैद्यकाची तशी नवी शाखा आहे. उष्ण प्रदेशातील रोगांचे स्वतंत्र शिक्षण कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये १९२०च्या दशकापासून मिळत आले, पण एम.डी. झाल्यानंतर संसर्गजन्य रोगांत डी.एम. ही वरची पदवी देण्याची सोय दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशा थोड्या संस्थांत, आणि तीही अलीकडच्या काळात झाली. असे पदवीधर बहुतेक मोठ्या शहरांतच आढळतात. तालुक्याच्या गावी अशी पाटी शोधीत फिरणे व्यर्थ होय. तेथे हे काम एम.डी. मेडिसिन झालेले फिजिशियन, लहान मुलांच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञ आणि शासकीय आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी करतात.

पाटी नाही म्हणून पारख नाही, असे मात्र मानू नये. १८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तापाचे व जांघेतील गाठींचे रोगी दिसू लागले. हा गाठीचा प्लेग आहे हे प्रथम ओळखले ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले हे डॉक्टर शहरात नित्याचा व्यवसाय करीत असत. रोगी कोणत्या वस्तीतला, आसपास आणखी कोण आजारी, उंदीर मरत आहेत काय, याकडे लक्ष देणाऱ्या डॉक्टरालाच असा रोग सापडतो. पुढे वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्यांनी रोगाला त्याचे नाव दिले त्या व्हिएगस यांची आठवण त्या मानाने कमी निघते. आपल्या भागालाही या इतिहासाचा शेजार आहे. बेळगावच्या टिळकवाडीत ज्या जागेला आजही 'व्हॅक्सिन डेपो' म्हणतात, तेथे देवीची लस तयार होत असे.

तेव्हा चांगला डॉक्टर ओळखण्याची पहिली खूण म्हणजे त्याचे प्रश्न. ताप किती दिवसांचा, थंडी वाजून येतो काय, घरात व शेजारी आणखी कोणाला आहे, गेल्या महिन्यात कोठे जाणे झाले, कामाचे स्वरूप काय, पाणी कोठले, जनावरे कोणती, कुत्रे चावले काय, अंगावर गोचीड सापडली होती काय, हे सर्व जो विचारतो त्याच्याकडे रोग्याने विश्वासाने राहावे. याउलट, काही न विचारता सुई टोचून व सलाईन लावून जो दोन दिवसांत बरे करण्याची हमी देतो, त्याच्यापासून सावध असावे. तात्पुरता ताप उतरविणारी सुई रोगाची खरी लक्षणे झाकून टाकते आणि पुढच्या डॉक्टरचे काम कठीण करून ठेवते.

प्रवासाचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलातील ताप, हा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. बरीच वर्षे तो त्या बाजूलाच आहे अशी समजूत होती. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. तो गोचिडीमार्फत पसरतो, आणि रानात माकडे मरू लागणे ही त्याची पूर्वसूचना असते. काजूच्या हंगामात घाटाखाली मजुरीला जाऊन आलेल्या माणसाला तीव्र ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली आणि 'काजूच्या बागेत होतो' हे त्याने सांगितलेच नाही, तर संकेश्वरातील कितीही हुशार डॉक्टराला हा रोग सुचणे अवघड आहे. अशा वेळी रक्ताचा नमुना पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था किंवा तशाच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जावा लागतो, आणि तो शासकीय यंत्रणेमार्फतच सुरळीत जातो.

असेच ऊस व भात यांच्या शेतातील चिखलाविषयी सांगता येईल. २०१९ व २०२१ साली हिरण्यकेशीला महापूर आला. पूर ओसरला की उंदीर व जनावरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. पायावरच्या बारीक जखमेतून जंतू शरीरात शिरतात. आरंभी तो साधा ताप वाटतो. पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लाल होतात. काहींना पुढे कावीळ होते व लघवी कमी होते. वेळीच दिलेली साधी, स्वस्त प्रतिजैविके या रोगावर चालतात. उशीर झाल्यास मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत मजल जाते. आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की कावीळ उतरविणाऱ्याचे घर गाठण्याची रीत आहे. ताप आणि कावीळ एकत्र दिसल्यास तो मार्ग धरू नये. रोग्याला त्याच दिवशी रक्ततपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

आता वाट कोणती धरावी ? गावातील आशा कार्यकर्ती व उपकेंद्रातील परिचारिका ही तिची पहिली पायरी. त्यापुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, संकेश्वर व हुक्केरी येथील सरकारी रुग्णालये आणि शेवटी बेळगावचे जिल्हा रुग्णालय. ते आता वैद्यकीय शिक्षणसंस्थेचे रुग्णालय असल्याने तेथे सर्व शाखांचे तज्ज्ञ एकत्र मिळतात. बेळगावात खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचेही मोठे रुग्णालय आहे. उपकेंद्राच्या ठिकाणी आता ई-संजीवनी या योजनेतून दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला पडद्यावर घेता येतो. पायरीपायरीने जाण्यात वेळ जातो अशी तक्रार ऐकू येते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. पण वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेली चिठ्ठी घेऊन गेलेल्या रोग्याला योग्य विभाग लवकर सापडतो आणि आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेचा लाभ घेतानाही तीच चिठ्ठी कामी येते. श्वास लागणे, शुद्ध हरपणे, झटके येणे, रक्तस्राव होणे यांपैकी काहीही दिसल्यास मात्र चिठ्ठीची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

कुत्रे चावल्यास तर तज्ज्ञ शोधण्यात एक तासही दवडू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करावी आणि ठरलेल्या तारखांना सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. कातडी फाटून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही भरावे लागते. ते प्रत्येक लहान केंद्रात असतेच असे नाही. म्हणून 'सीरम येथे आहे काय, नसल्यास कोठे?' हा प्रश्न तेथेच विचारावा. रेबीजची लक्षणे एकदा उमटल्यावर जगातील कोणताही तज्ज्ञ फारसे काही करू शकत नाही.

सीमाभागाची अडचण वेगळी आहे. संकेश्वरच्या रोग्याला गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय सोयीचे वाटते, आणि नात्यागोत्यामुळे कोल्हापूर तर घरासारखेच. तेथे जाण्यात गैर काही नाही. २०२१ साली निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे कोरोनाच्या चाचणीचे प्रमाणपत्र मागितले जात असे, तेव्हा ही राज्याची रेषा किती ठळक होऊ शकते ते सर्वांनी अनुभवले. रोगजंतूंना ती रेषा दिसत नाही. पण रोग्याची नोंद तिच्या पलीकडे राहिली, तर अलीकडच्या गावातील विहीर तपासली जात नाही, घरातील मुलांची तपासणी होत नाही आणि फवारणीही होत नाही. म्हणून कोल्हापुरात हिवताप, डेंगू किंवा क्षयरोग निघाल्यास तेथे आपला खरा पत्ता सांगावा, आणि परतल्यावर तपासणीचा कागद स्थानिक आरोग्य केंद्रात दाखवावा.

क्षयरोगाच्या बाबतीत ही व्यवस्था चांगली बसली आहे. खासगी डॉक्टरांनीही प्रत्येक क्षयरोग्याची माहिती शासनास कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे. निक्षय या नोंदणीमुळे कोल्हापुरात निदान झालेल्या संकेश्वरच्या रोग्याचे उपचार त्याच्या घराजवळच्या केंद्राकडे वर्ग करता येतात. औषधे मोफत मिळतात, पोषणासाठी दरमहा रक्कमही मिळते. तरी गावात बोभाटा होईल या भीतीने अनेकजण पत्ता लपवितात आणि दूरच्या गावी पदरमोड करून औषधे घेतात; पैसे संपले की औषधही थांबते, आणि मग जंतू औषधाला दाद देईनासे होतात. या भीतीला दोष रोग्याचा थोडा आणि शेजाऱ्यांचा अधिक आहे.

भाषेचाही थोडा विचार व्हावा. डॉक्टर कन्नड बोलणारे, रोगी मराठी बोलणारा, असा प्रसंग येथे नित्याचा. 'ताप' शब्द न कळला तर 'ज्वर' म्हणावे, तो दोन्ही भाषांत चालतो. पण 'कसकस', 'हुडहुडी', 'गळाठा' हे शब्द कन्नडमध्ये समजावणे कठीण. अशा वेळी दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक किंवा ग्रामपंचायतीचा कर्मचारी बरोबर असल्यास निदानाला मोठी मदत होते. वर्गातील चार-पाच मुले एकाच आठवड्यात तापाने किंवा गालफुगीने गैरहजर राहिल्यास हजेरीपटावरून ती गोष्ट सर्वांआधी शिक्षकाच्याच लक्षात येते. तिची खबर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला द्यावी.

डॉक्टरांची पदवी व नोंदणी क्रमांक पाहण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. कर्नाटकात २००७च्या कायद्यानुसार खासगी दवाखान्यांना नोंदणी करावी लागते. आणि दवाखान्यात जाताना आधीच्या सर्व चिठ्ठ्या, तपासणीचे कागद, घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत. ताप कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, किती चढला याची नोंद वहीच्या एका पानावर केलेली असली तर ते पान त्या पिशवीत सर्वांत वर ठेवावे.